आशाताई, तुमच्या दोन प्रश्नांसाठी

आदरणीय आशाताई,

यंदाच्या पावसाळ्यात खाज घेऊन उपकेंद्रात आलेले बरेचसे पेशंट तुमच्याकडून होऊन आले होते. दारात उभं राहून तुम्ही आधी दोनच गोष्टी विचारता: "रात्री जास्त खाजते का? घरात अजून कोणाले हाय का?" या प्रश्नांसाठी उपकेंद्रातल्या आम्हा सगळ्यांकडून, चारचौघांत, मनापासून आभार.

दोन्हीला हो आलं की तुम्ही बोटांच्या बेचक्या, मनगट, कंबर, बेंबीभोवतीची जागा पाहता. बारीक पुरळ आणि बेचक्यात पेन्सिलीनं ओढल्यासारखी अर्धा सेंटीमीटरची करडी रेघ दिसली की ती खरूजच. ती रेघ म्हणजे किड्यानं कातडीत पोखरलेली वाट. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात, म्हणून "मले काई नाई" म्हणणाऱ्याच्या अंगावरही किडा असू शकतो. हे पटवून तुम्ही अख्ख्या घराला एकाच रात्री ५ टक्के परमेथ्रिन (खरजेचं मलम) लावायला लावलंत. आमच्या मते यातलं सगळ्यात अवघड काम हेच.

मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या कडांना, बेचक्यांत लावायचं, ८ ते १२ तास ठेवायचं, सकाळी आंघोळ, आणि ७ दिवसांनी पुन्हा. मध्येच हात धुतले तर हातांना परत लावायचं, हे भाकरी थापणाऱ्या बायांना तुम्ही आठवणीनं सांगितलंत. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असलं तर आधी डॉक्टरकडे पाठवलंत. कपडे नि चादरी कढत पाण्यात धुवून कडक उन्हात. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ४ दिवस, कारण अंगाबाहेर किडा २-३ दिवसांपलीकडे सहसा टिकत नाही. उपचारानंतरही खाज दोन-चार आठवडे राहते. लोकांना वाटतं औषध लागू पडलं नाही, मग रोज चोपडतात आणि कातडी आणखी चिडते. तुम्ही ते थांबवलंत.

गजकर्णाच्या पेशंटला तुम्ही जुनी ट्यूब सोबत आणायला सांगता, याचा आम्हाला फार उपयोग झाला. परकराच्या नाडीखाली किंवा जांघेत गोल चट्टा, कड लाल नि पापुद्र्याची, मधला भाग थोडा साफ, असं चित्र एरवी लगेच ओळखू येतं. पण ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन ही स्टेरॉइडं असली की लाली दोन दिवसांत उतरते, बुरशी मात्र पसरत राहते आणि कड पुसट होऊन निदानच चुकतं.

निंदणाच्या दिवसांत पापण्या, मान, गळ्याचा उघडा भाग नि कोपराची आतली घडी खाजू लागली, तर तुम्ही आधी बांधावरचं गाजरगवत पाहता. ते फुलोऱ्यावर येण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटायचं, घरी येऊन साबणानं अंग धुवायचं आणि तेच कपडे पुन्हा घालायचे नाहीत. फवारणीनंतरही तसंच. बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांच्या हातावरचे काळपट फोड वेगळे. त्यांवर घरगुती लेप न लावता त्या थेट आमच्याकडे आल्या, ते तुमच्यामुळेच.

आणि एक चट्टा तुम्ही पाठवलात तो खाजतच नव्हता. फिकट, आणि डोळे मिटवून कापसाच्या वातीनं स्पर्श केला तर कळत नव्हता. खाज नाही म्हणून घरचे निश्चिंत होते. कुष्ठरोगाचा संशय तिथंच घ्यायचा असतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, आणि लवकर सुरू केलं तर बोटं वाकण्यापासून वाचवता येतात. पुरळ काहीच नाही, नुसतं अंग खाजतं आणि डोळे पिवळे दिसतात, अशांनाही तुम्ही मलमावर न अडवता रक्त तपासायला धाडलंत.

पोडावरच्या (वस्तीवरच्या) घरांचा परमेथ्रिनचा दुसरा लेप शुक्रवारी रात्री आहे. माणसं मोजून ट्यूबा तुमच्या नावानं बाजूला काढून ठेवल्या आहेत.

तुमचे,
उपकेंद्रातले सगळे