गुप्तहेराला आधी चुकू द्या

महोदय,

रहस्यमालिका कुठूनही वाचायला घ्यावी, ही सवय आपल्याला झुंजारकथांनी लावली आणि तिथे ती चालूनही जाते. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये घडणाऱ्या, सी. जे. सॅन्सम यांच्या मॅथ्यू शार्डलेक या रहस्यमालिकेच्या बाबतीत मात्र तिने मोठे नुकसान होते. ग्रंथालयात सहावा भाग आधी मिळाला म्हणून तोच वाचला, तर खून कोणी केला एवढे कळते. त्या माणसाचे काय होत गेले, ते हाती लागत नाही.

सात कादंबऱ्या, २००३ ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या. कथानकांची वर्षे १५३७, १५४०, १५४१, १५४३, १५४५, १५४६ आणि १५४९. पहिल्या ‘डिसोल्यूशन’मध्ये शार्डलेक ३५ वर्षांचा आहे. पाठीला कुबड असलेला हा लंडनचा वकील आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याचा माणूस आहे आणि कॅथलिक मठ बंद करण्याच्या राजाच्या मोहिमेवर त्याची मनापासून श्रद्धा आहे. भिक्षूंशी तो ताठ्याने वागतो, पुष्कळदा आवडतही नाही. सॅन्सम यांचे खरे कसब इथेच आहे. अनेक ऐतिहासिक मालिका फसतात त्या याच ठिकाणी: नायक पहिल्या पानापासून आजच्यासारखा उदारमतवादी असतो, मग दहा भागांत बदलायला उरते काय? केस पिकतात, इतकेच.

शार्डलेकची श्रद्धा एका फटक्यात जात नाही. हेन्रीने शिरच्छेद करवलेली राणी ॲन बोलीन हिच्याविरुद्धचा पुरावा छळ करून कसा मिळवला, हे त्याला पहिल्याच भागात कळते. तरीही १५४० मध्ये तो पुन्हा क्रॉमवेलच्या कामाला लागतो. त्याच वर्षी क्रॉमवेलचा शिरच्छेद होतो आणि आश्रयदाता बदलतो: आधी आर्चबिशप क्रॅन्मर, मग राणी कॅथरिन पार, शेवटी हेन्रीची मुलगी एलिझाबेथ. ‘सॉव्हरिन’मध्ये यॉर्कजवळ खुद्द राजा चारचौघांत त्याच्या कुबडाची टर उडवतो. तो घाव पुढच्या भागांतही भरत नाही. चौथ्या भागात तो गरिबांचे दावे चालवताना दिसतो. पहिल्या भागातल्या मठातला मूर वैद्य गाय पुढे त्याचा जिवलग मित्र होतो, तोही जुन्या, म्हणजे कॅथलिक धर्माला धरून राहिलेला. शार्डलेकचा मदतनीस जॅक बराक दुसऱ्या भागात येतो. त्याचे पुढे काय होते ते इथे लिहीत नाही, पण सहावा भाग आधी वाचणाऱ्याचा हा धक्का वाया जातो. आठशेहून अधिक पानांच्या ‘टूमलँड’मध्ये, नॉर्विचजवळच्या माळावर, सरकारचा हा माणूस शेतकऱ्यांच्या बंडाचा पुढारी केट याच्या ओक वृक्षाखालच्या न्यायसभेत कायद्याचा सल्ला देत असतो. मठ बंद करायला निघाल्याला तेव्हा बारा वर्षे झालेली असतात.

एलिस पीटर्स यांच्या ब्रदर कॅडफेल या गुन्हे उकलणाऱ्या भिक्षूच्या वीस कादंबऱ्या ११३७ ते ११४५ एवढ्याच काळात बसवलेल्या आहेत. तिथे नायकाला म्हातारे व्हायला वावच नाही, म्हणून त्याची खरी कसोटी विसाव्या भागापर्यंत राखून ठेवली आहे.

अशी मालिका मराठीत पेशवाईवर लिहिता येईल. नायक रामशास्त्री प्रभुण्यांच्या हाताखालचा कारकून घ्यावा, पण पहिल्या भागात तो राघोबादादांचा निष्ठावंत असावा. त्याचे जन्मसाल लेखकाने पहिल्याच दिवशी कागदावर मांडावे. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला तेव्हा तिशीत असलेला माणूस १७९१ च्या घाशीराम कोतवालाच्या प्रकरणात ४८ वर्षांचा होतो आणि १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढते तेव्हा ७४ वर्षांचा. तोवर धावपळीला तरुण सोबती आलेला असायला हवा. रामशास्त्री १७८९ मध्ये वारले, म्हणजे पुढच्या भागांना आश्रयदाताही दुसराच लागेल. आणि दादांना दोषी ठरवून शास्त्रीबुवा पुणे सोडून निघाले, तेव्हा त्यांच्यामागून जायचे की दादांच्या चाकरीत राहायचे, हा त्या कारकुनाचा पहिला पेच. माझे मत विचाराल तर पहिल्या भागात त्याने राहावे.

— एक वाचक, ठाणे