नड्डासाहेब, त्या डोळ्याच्या थेंबांच्या पाकिटाला एक झिप लावायला सांगा

प्रति,
मा. जगत प्रकाश नड्डा साहेब,
केंद्रीय आरोग्यमंत्री आणि रसायने व खते मंत्री, नवी दिल्ली

साहेब, नमस्कार.

मराठीतून लिहितेय, कारण वैतागही मला मराठीतूनच येतो. दिल्लीत कुणीतरी वाचून दाखवेलच. तुमच्याकडे दोन्ही खाती आहेत हे बघून लिहायचं ठरवलं, म्हणजे औषधाचे नियम बघणारं आरोग्य खातं पण तुमचं आणि औषध कंपन्यांचा धंदा बघणारं खातं पण तुमचंच, त्यामुळे "हे त्या खात्याला विचारा" असं उत्तर तरी येणार नाही.

आमच्या फ्रीजच्या दारात, अंडी ठेवायच्या कप्प्यात, एक निळा चिमटा आहे, कपडे वाळत घालायचा. त्यात करंगळीपेक्षा लहान अशी प्लॅस्टिकची वायल, म्हणजे औषधाची कुपी, मान मुरगाळून पकडून ठेवलेली असते. ती माझ्या सासऱ्यांची. वय ७६, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, त्याचे ड्रॉप रात्री, आणि डोळे कोरडे पडतात म्हणून हे दुसरे थेंब दिवसातून चार वेळा. आधी साधी बाटली होती. बाटली महिनाभर उघडी राहणार म्हणून त्यात जंतू वाढू नयेत यासाठी प्रिझर्व्हेटिव्ह असतं, बेंझाल्कोनियम क्लोराइड, आणि तेच रोज पाच-सहा वेळा वर्षानुवर्षं डोळ्यात गेलं की कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, वरच्या थराला त्रास व्हायला लागतो. बाबांचे डोळे कायम लाल आणि चुरचुर, तेव्हा डॉक्टरांनी या बिनप्रिझर्व्हेटिव्हच्या सिंगल डोस वायल्स लिहून दिल्या. चुरचुर थांबली. औषधाबद्दल माझी काही तक्रार नाही, तक्रार चिमट्याबद्दल आहे.

हिशोब बघा. एका वायलमधे ०.४ मिली. एक थेंब साधारण ०.०४ मिलीचा धरा, म्हणजे दहा थेंब. लागतात दोन, एकेका डोळ्यात एक. उरलेले आठ थेंब बॉक्सवरच्या सूचनेप्रमाणे लगेच फेकून द्यायचे. आता ज्या माणसानं सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केली आणि सुट्ट्या पैशाचा हिशोब कधी चुकू दिला नाही तो औषधाचे बारा आणे रोज चार वेळा कचऱ्यात टाकेल का? बाबांनी आधी तोडलेला तो प्लॅस्टिकचा तुकडाच उलटा करून तोंडावर बसवून बघितला, तो बसत नाही, पलंगाखाली गेला. मग टाचणी खुपसून बघितली, तेव्हा मी ओरडले. मग चिमटा आला. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत चालवा, रात्री मात्र फेका." बॉक्स म्हणतो लगेच फेका. डॉक्टर म्हणतात संध्याकाळी. बाबा म्हणतात संपल्यावर. खरं कोणाचं धरायचं हे बॉक्सवर बाबांना वाचता येईल अशा अक्षरात आणि मराठीत कुठेच नाही.

पण वायलपेक्षा मला जास्त बोलायचंय ते पाकिटाबद्दल.

या वायल्स पाच-पाच एकमेकींना चिकटलेल्या येतात आणि ती पट्टी चांदीसारख्या पाकिटात असते. पाकिटावर एक छोटी खाच असते, इथून फाडा म्हणून, ते कधीही सरळ फाटत नाही, मधेच तिरकं जातं, मग कात्री. एकदा कात्रीनं पाकिटासोबत वायलचं डोकं पण उडालं. आणि एकदा फाटलं की ते पाकीट संपलं. मग त्या पट्ट्या आमच्या हॉलमधल्या स्टीलच्या डब्यात जातात, जिथे रबरबँड, लाइटबिलं, चष्म्याची जुनी काडी, बंद पडलेलं घड्याळ आणि बाबांचा तंबाखूचा चुना असं सगळं सुखानं नांदतं. कारखान्यातून स्टराइल निघालेली वस्तू चुन्याच्या डबीशेजारी, आणि तिचं तेच टोक नंतर डोळ्याच्या पापणीला टेकणार.

माझा दीर वाळूजला एका औषध कंपनीत मशीनवर आहे. तो म्हणाला, "वहिनी, ते पाकीट दिखाव्याला नसतं." ही वायल कशी बनते ते त्यानं सांगितलं. ब्लो-फिल-सील म्हणतात. प्लॅस्टिकचे दाणे वितळवून त्याची नळी काढतात, साच्यात फुगवतात, त्याच क्षणी औषध भरतात आणि वरून सील, सगळं एकाच मशीनमधे काही सेकंदांत, माणसाचा हात कुठेही लागत नाही. मला ऐकून कौतुकच वाटलं. पण हे मऊ प्लॅस्टिक, एलडीपीई, दाबता यावं म्हणून मऊ ठेवलेलं, त्यातून हळूहळू पाण्याची वाफ बाहेर जाते आणि बाहेरचे वास, केमिकल आत येऊ शकतात. म्हणून फॉइलचं पाकीट. साहेब, मी अकोल्यात राहते. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, हवा इतकी कोरडी की ओला टॉवेल दहा मिनिटांत कडक. अर्ध्या मिलीपेक्षा कमी पाणी असलेली वस्तू अशा हवेत नागडी ठेवायची आणि वर म्हणायचं थंड कोरड्या जागी ठेवा, म्हणजे अवघडच आहे.

आणि दुसरी गोष्ट त्यानं सांगितली ती माझ्या डोक्यात बसलीच. या वायलवर कागदी लेबल सहसा लावत नाहीत, कारण गोंद आणि शाईतली द्रव्यं प्लॅस्टिकमधून आत झिरपू शकतात. वाफेच्या औषधांच्या अशा वायल्सबाबत अमेरिकेत औषधांवर नजर ठेवणाऱ्या एफडीएनं २००२ मधेच हे लिहून ठेवलंय आणि कागद चिकटवण्यापेक्षा अक्षरं प्लॅस्टिकमधेच उठवा असं सुचवलंय. म्हणून नाव, बॅच, एक्सपायरी सगळं पारदर्शक प्लॅस्टिकवर पारदर्शक अक्षरात. मला चष्मा लावून वाचता येत नाही, बाबांचं तर सोडूनच द्या. म्हणजे औषधाचं वाचता येईल असं नाव पाकिटावरच, एक्सपायरी पाकिटावर, उजेडापासून वाचवणं पाकिटाचं काम, ओल-उन्हापासून वाचवणं पण पाकिटाचंच. आणि तेच पाकीट पहिल्या दिवशी फाडून टाकायचं!

आता परवाच्या जुलैमधली रात्र सांगते. माझ्या मुलाला, पाच वर्षांचा आहे, पावसाळ्यात दमा उठतो, नेब्युलायझरची वाफ द्यावी लागते. त्याच्या औषधांच्या पण अशाच वायल्स, जरा मोठ्या, एकात २ मिली, दुसऱ्यात अडीच मिली. रात्री अडीच वाजता तो धापा टाकतोय, बाकीचे उठू नयेत म्हणून मी ट्यूब लावली नाही, मोबाईलच्या टॉर्चवर डब्यातून वायल काढली, टोक मोडलं, कपात पिळली, आणि कपाचा तळसुद्धा नीट ओला झाला नाही. तेव्हा डोकं जागं झालं. बाबांच्या डोळ्याचं औषध होतं ते. कप धुतला, बरोबर वायल शोधली, पोराला वाफ दिली, तो झोपला, मी नाही झोपले. कारण मी उलटं काय झालं असतं त्याचा विचार करत बसले. मुलाच्या एका वायलमधे लेव्होसाल्ब्युटामॉलसोबत इप्राट्रोपियम आहे, दोन्ही श्वासनळ्या मोकळ्या करणारी औषधं, पण इप्राट्रोपियम डोळ्यात गेलं तर बाहुली मोठी होते आणि काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्याचं प्रेशर एकदम चढू शकतं. बाबा पहाटे पाचला उठतात आणि लाइट न लावता थेंब टाकतात. डबा एकच.

कुणी म्हणेल तुम्ही वेगळे डबे ठेवा ना. ठेवलेत आता. पण मेडिकलवर काय चालतं ते बघा. पूर्ण पाकीट नको असेल तर दोन वायल्स पट्टीतून तोडून खाकी पुडीत देतात, वर पेनानं "सकाळ-संध्या" लिहितात. नाव असलेलं पाकीट दुकानातच राहतं. घरी गेलेल्या माणसाकडे औषध आहे, पण कशाचं आणि कधीपर्यंतचं ते नाही. सरकारनं १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा केला, चांगलं केलं, पण लेबलावर जागा नसेल तर तो बाहेरच्या बॉक्सवर चालतो, आणि इथे बॉक्सच ग्राहकाच्या हातात येत नाही.

नियम मी थोडे वाचून काढले, वकील नाहीये, चुकलं तर सांभाळून घ्या. १९४५ च्या औषध नियमांत शेड्यूल एफएफ आहे, डोळ्यांच्या औषधांसाठी. त्यात लिहायला लावलंय की उघडल्यावर एका महिन्यात वापरा. आणि सर्जरीत वापरायच्या औषधात प्रिझर्व्हेटिव्ह नको, ते सिंगल डोसमधे द्या. म्हणजे नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर बाटली घरात होती आणि वायल ऑपरेशन थिएटरमधे. थिएटरमधे वायल उघडते, वापरली जाते, कचऱ्यात जाते, तिथे पाकीट परत बंद व्हायची गरजच काय. पण आता ती वायल आमच्या फ्रीजमधे अंड्याशेजारी आहे.

प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं औषध नीट बंद नसेल तर काय होतं हे आपल्या देशाला माहीत नाही असं नाही. २०२२-२३ मधे चेन्नईच्या एका कंपनीनं बनवलेल्या कृत्रिम अश्रूंमुळे, म्हणजे कोरड्या डोळ्यांच्या थेंबांमुळे, अमेरिकेत स्यूडोमोनास नावाच्या जंतूचं इन्फेक्शन पसरलं, तिथल्या रोगांच्या साथी बघणाऱ्या सीडीसीच्या नोंदीप्रमाणे १८ राज्यांत ८१ रुग्ण, १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला, चार मृत्यू. ती वायल नव्हती, बाटली होती, मल्टी-यूज, पुरेसं प्रिझर्व्हेटिव्ह नसलेली, आणि एफडीएनं जे दोष दाखवले त्यात सीलबंद पॅकिंगवर नीट कंट्रोल नाही हाही एक होता. त्यानंतर डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेनं तुमच्या मंत्रालयानं शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांचे नियम, कडक केलं, कारखाने सुधारा म्हणून. कारखाना सुधारला, मान्य. पण कारखान्याच्या गेटबाहेर पडल्यावर त्या औषधाचं काय होतं ते कोण बघणार?

तर मागणं एवढंच आहे. पाकिटाला झिप लावा. बडीशेपेच्या, मखाण्याच्या, काजूच्या पाकिटाला दाबून बंद होणारी झिप असते, अगदी कुत्र्याच्या खाण्याला पण, मग डोळ्याच्या औषधाला का नाही? मला कळतं की झिपनं ते पाकीट पहिल्यासारखं हवाबंद होत नाही. पण उजेड, धूळ, चुना, दुसऱ्या औषधाच्या वायल्स बाहेर राहतात आणि नाव औषधासोबत राहतं. पाकिटावर एक रिकामी चौकट द्या, "उघडल्याची तारीख", आणि खाली मोठ्या अक्षरात की त्यानंतर किती दिवस. लेव्होसाल्ब्युटामॉल अमेरिकेत वेगळ्या नावानं मिळतं, तिथे एका पॅकवर स्पष्ट लिहिलेलं असतं, फॉइल उघडल्यावर २ आठवडे, आणि वायल फॉइलच्या बाहेर काढून ठेवली तर एकच आठवडा. पाकिटात राहिली तर आयुष्य दुप्पट! आणि पट्टीतून सुट्टी वायल विकायची असेल तर प्रत्येकीला आपापलं छोटं पाकीट असू दे, नाहीतर सुट्टी विकूच नका.

वायललाच परत बसणारी टोपी हवी का, यावर आमच्या घरातच दोन पक्ष आहेत. परदेशात तशा मिळतात, टोपी उलटी करून दाबून बसवायची, १२ तासांत वापरा असं लिहिलेलं असतं. बाबांना तीच हवीये. दीर म्हणतो टोपी दिली की लोक आठवडाभर चालवतील, एकदा टोक पापणीला लागलं की जंतू आत गेले, वर टोपी लावून तुम्ही त्यांना घरच बांधून दिलं. मला दोघांचंही पटतं. पण टोपी नाही म्हणून लोक थेंब फेकतात हा जो समज आहे ना तो मात्र सोडा, लोक चिमटा लावतात. त्यापेक्षा ०.४ ऐवजी कमी थेंबांची आणि स्वस्त वायल काढता येते का ते कंपन्यांना विचारा, दोन थेंबांसाठी दहा थेंब विकत घ्यायला लावायचे यात कोणाचा फायदा आहे ते तुम्हाला मी सांगायला नको.

कंपन्या म्हणतील खर्च वाढेल. वाढेल थोडा. तो ग्राहकावर पूर्ण टाकायचा का नाही हे बघायला किंमत ठरवणारी एनपीपीए पण तुमच्याच खात्यात आहे.

या पत्राची एक कॉपी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला पण पाठवतेय, सुट्ट्या वायल्सचं मेडिकलवाल्यांना तेच सांगू शकतात. उत्तर आलं तर मोठ्या अक्षरात पाठवा, बाबांना स्वतः वाचायचंय.

आपली,
अकोल्याची एक सून

ता. क. पत्र लिहून होईपर्यंत बाबांनी दुपारचे थेंब टाकले. चिमटा सापडत नव्हता, मी धुणं वाळत घालताना नेला होता. वायल केळ्याच्या सालीवर उभी करून ठेवली होती.