दिवाळीच्या सुट्टीआधी ७४ पंखे हवेत : ऊर्जा मंडळाचं आवाहन

सर्व माजी विद्यार्थी, प्राध्यापक, कर्मचारी आणि स्नेहीजन,

स. न. वि. वि.

हे पत्र गणपतीच्या आधीच तुमच्या हाती पडायला हवं होतं. प्रवेशाची गर्दी, मुलांची सबमिशनं आणि बायोगॅसची टाकी हे सगळं एकाच पंधरवड्यात अंगावर आलं आणि लिहिणं राहून गेलं. आता दिवस थोडे उरलेत. तरी मागणं मांडण्याआधी काही जणांचे आभार मानायलाच हवेत.

महाविद्यालयाच्या या ऊर्जा मंडळाची सुरुवात मेसच्या मागच्या उकिरड्यावरून झाली, हे जुन्यांना आठवत असेल. उरलेला भात, पोळ्या, भाजीची देठं तिथं पडायची आणि पावसाळ्यात वास थेट वर्गापर्यंत यायचा. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेनं खरकट्यावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र तयार केलं होतं, त्याला २००६ साली शाश्वत ऊर्जेच्या कामासाठीचा ॲश्डेन पुरस्कारही मिळाला. त्याच धर्तीवर आपल्या मुलांनी पाण्याच्या दोन टाक्या, एकीत दुसरी उपडी, अशा बसवून पहिलं संयंत्र उभं केलं. सुरुवातीला लागणारं शेण मेसला दूध घालणाऱ्या काकांनी दिलं. पैसे देऊ केले तर म्हणाले, “पोरांच्या कामाचे कसले पैसे?” टाकीचा चौथरा बांधकाम विभागातल्या मिस्त्रींनी रविवारी येऊन बांधून दिला. आणि मेसच्या मावशींचं ऋण तर फिटणारच नाही. लिंबाच्या साली, लोणच्याचा खार, साबणाचं पाणी टाकीत गेलं की आतलं सगळं आंबतं आणि गॅस बंद पडतो, हे त्या आज नव्या मुलांना आमच्यापेक्षा चांगलं समजावतात. टाकी आंबली की चार दिवस तिला उपाशी ठेवायचं आणि शेणकाला द्यायचा, हा उपायही आता त्याच सांगतात.

मेसमधून रोज सुमारे ५० किलो खरकटं निघतं. त्यातून साधारण ५ घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे सिलिंडरमधला दोन किलोच्या वर गॅस वाचतो. आठ-नऊ दिवसांनी १९ किलोचं एक व्यावसायिक सिलिंडर कमी लागतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची थंडी पडली की गॅस मंदावतो, तेव्हा मुलं टाकीभोवती कडब्याच्या पेंढ्या रचतात.

ग्रंथालयाच्या छतावरच्या सौर पॅनेलची हकीकत मात्र नीट सांगायला हवी, कारण आमचं सगळं म्हणणं तिच्यात आहे. छत १० किलोवॅटचं. आपल्या भागात स्वच्छ उन्हाच्या दिवशी त्यातून ४० युनिटच्या आसपास वीज यायला हवी. ते बसवणारा ठेकेदार उद्घाटनाचा नारळ फुटल्यावर पुन्हा फिरकला नाही. त्यानंतर भौतिकशास्त्राच्या दोन मुलींनी रोज संध्याकाळी आकडा वहीत लिहायला घेतला. फेब्रुवारीच्या लख्ख उन्हातही तो २१ च्या पुढे जाईना. फोन केला तेव्हा “ढगाळ असेल” असं उत्तर मिळालं. मुली वही घेऊन अभियंत्यांकडे गेल्या, त्यांनी तपासलं, तर पॅनेलच्या दोन रांगांपैकी एका रांगेची जोडणी सैल होऊन जळून सुटली होती. अर्धं छत मेलेलं होतं! असं किती दिवस चाललं होतं ते कुणालाच सांगता येईना, कारण वहीच्या आधी कुणी आकडा बघितलाच नव्हता.

म्हणून आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो की विद्यार्थ्यांना या कामात फलक धरायला उभं करू नका, मोजायला बसवा. ‘मुलं आहेत, त्यांना काय कळतं’ असं म्हणणाऱ्यांनी आठवावं की २०१४ साली आयआयटी मुंबईच्या ‘टीम शून्य’च्या विद्यार्थ्यांनी फ्रान्समधल्या व्हर्सायला जाऊन स्पर्धेसाठी सौरघर उभारलं होतं. आपली मुलं तेवढ्या साधनांत वाढलेली नाहीत, पण चिकाटीत कमी नाहीत.

याच मुलांनी उन्हाळ्यात मुलींच्या वसतिगृहातले पंखे मोजले. खोल्या ९६, प्रत्येकीत एक जुना ७५ वॉटचा पंखा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो दिवसाला १६ तास चालतो. त्याजागी कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी (ब्रश नसलेल्या) मोटरचा ३० वॉटचा पंखा बसवला तर सगळ्या मिळून रोज ६९ युनिट वाचतात. ग्रंथालयाचं अख्खं छत दिवसभरात देतं त्याहून हे जास्त! आम्ही हा हिशेब तीनदा करून पाहिला.

आता थोडं मनातलं. मागच्या वर्षीचं आवाहन शंभरावर जणांनी पुढे पाठवलं, कौतुकाचे निरोप आले आणि देणगी सात जणांची आली. सभेला मुलांनी ६० खुर्च्या मांडल्या, त्यातल्या ११ भरल्या. उरलेल्या खुर्च्या उचलताना मुलं काही बोलली नाहीत, पण मला ते विसरता आलेलं नाही. त्या सातांचे मात्र शतशः आभार. त्यातल्या एका निवृत्त प्रयोगशाळा सहायकांनी पेन्शनमधून आठ पंखे दिले. २००१ च्या तुकडीनं चौदा दिले. हे २२ पंखे आले आहेत, ७४ राहिले.

खोल्या रिकाम्या असतात त्या फक्त दिवाळीच्या सुट्टीत. नंतर परीक्षा, आणि परीक्षा संपतात तोवर ऊन पुन्हा डोक्यावर. दसऱ्यापर्यंत रक्कम जमली तर मागणी नोंदवून वसुबारसेपासून काम सुरू करता येईल. गरज अशी : पंखे ७४, प्रत्येकी २,८०० प्रमाणे २,०७,२०० रु.; आठ इमारतींना वेगळे वीजमीटर २८,००० रु.; बायोगॅसची वरची टाकी उन्हानं तडकली आहे, ती बदलायला १८,००० रु.; सहा विद्यार्थ्यांना कमवा आणि शिका योजनेसारखं महिना १,५०० रु. प्रमाणे आठ महिन्यांचं मानधन ७२,००० रु. एकूण ३,२५,२०० रु. मानधनाला काही जणांचा आक्षेप असतो. पण सकाळी ऊन तापायच्या आत पॅनेल धुणारा, रोज आकडे लिहिणारा मुलगा संध्याकाळी दुकानात कामाला जाऊन शिकत असतो. त्याचा तास फुकट मागायला आम्हाला लाज वाटते.

पैसे देणं जमत नसेल तर शनिवारचे दोन तास द्या. वीज मंडळातून निवृत्त झालेले, वायरिंगचा परवाना असलेले यांची फार गरज आहे. मेन बंद केला तरी ऊन आहे तोवर पॅनेलच्या तारांत वीज असते. जाणत्या माणसाशिवाय आम्ही मुलांना छतावर चढू देत नाही.

एका पंख्याची देणगीही चालेल. पावती मंडळाच्या नावे, विज्ञान इमारतीतल्या कार्यालयात, कामाच्या दिवशी ११ ते ४. बाहेरगावच्यांनी देणगी आपल्या तुकडीच्या प्रतिनिधीकडे द्यावी. जुने पंखे कुणाला वापरायला द्यायचे नाहीत, तिथंही ते तेवढीच वीज खातील. मोडीत घालून येणारी रक्कम याच खात्यात जमा होईल. खर्चाची वही कार्यालयात टेबलावरच असते, कुणीही येऊन पाहावी.

आपली,
सचिव, ऊर्जा मंडळ

ता. क. : शिडी १२ फुटांची, धड असलेली, कुणाकडे असेल तर तीही हवी आहे.