पायाच्या अंगठ्याच्या दुखापतीविषयी

पिट्सबर्ग,
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

रविवारी फोनवर बाबांनी दोनदा विचारले की अंगठ्याच्या बुंध्याशी सूज आहे म्हणजे युरिक ॲसिड तर वाढले नाही ना, आणि आईने हळदीचा लेप लावून शेक घ्यायला सांगितले. तेव्हा घाईत नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

युरिक ॲसिडचा सांधा बहुधा मार न लागताच, रात्रीतून लाल होऊन ठणकू लागतो. माझ्या दुखण्याचा क्षण मात्र मला नेमका ठाऊक आहे. तीन आठवड्यांपूर्वी येथील कृत्रिम हिरवळीवर फुटबॉल खेळताना मी पळण्यासाठी टाच उचलली होती, बोटे जमिनीला घट्ट टेकलेली होती, आणि त्याच वेळी मागचा गडी माझ्या टाचेवर कोसळल्याने अंगठा वरच्या बाजूस नको इतका वाकला. या सांध्याच्या तळाशी एक जाड, चिवट पडदा असतो आणि त्याला लागून वाटाण्याएवढी दोन हाडे असतात. गुडघ्यावर वाटी जे काम करते तेच ती येथे करतात. चालताना शरीर पुढे ढकलण्याचा मोठा भार याच सांध्यावर येत असल्यामुळे तो पडदा ताणला गेला की साधे पाऊल उचलणेही जड जाते.

या दुखापतीला येथे ‘टर्फ टो’ म्हणतात; टर्फ म्हणजे कृत्रिम हिरवळ आणि टो म्हणजे पायाचे बोट. येथून दीड तासावर असलेल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील बोवर्स आणि मार्टिन यांनी १९७६ मध्ये हे नाव रूढ केले आणि कडक कृत्रिम मैदान व फार लवचीक बूट यांच्या जोडीकडे बोट दाखवले. याच शहराच्या अमेरिकन फुटबॉल संघातील जॅक लॅम्बर्ट या नामांकित खेळाडूची कारकीर्द १९८४ च्या हंगामात अंगठ्यामुळेच संपली, हे कळल्यावर मी ही गोष्ट किरकोळ मानणे सोडले. तोवर दोन दिवस मी साधी मुरगळ समजून तसाच वावरलो होतो, आणि सूज त्यामुळेच वाढली असे मला वाटते.

डॉक्टरांनी दोन्ही पायांचे एक्स-रे काढून ते शेजारी ठेवून पाहिले. पडदा पूर्ण फाटला असता तर ती छोटी हाडे टाचेच्या दिशेने मागे सरकलेली दिसली असती. माझी जागेवर आहेत, म्हणजे पडदा अर्धवट फाटला आहे आणि शस्त्रक्रियेची गरज नाही. पहिले दोन आठवडे कडक बूट घातला आणि सुरुवातीचे काही दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवला. आता अंगठा वर वाकू नये अशा रीतीने पट्टी बांधतो आणि बुटात न वाकणारा कार्बन फायबरचा पत्रा घालतो. जमिनीवरचा टॉवेल बोटांनी गोळा करण्याचा व्यायाम रोज सकाळी करतो. अंगठा पन्नास-साठ अंशांपर्यंत न दुखता वर वाकेपर्यंत मैदानात उतरायचे नाही, असे बजावले आहे. घाई केली तर पुढे हा सांधा कायमचा आखडू शकतो.

आई, लेपाने नुकसान होणार नाही, परंतु पहिल्या दिवसांत शेक घेतल्यास सूज वाढते, आणि चोळणे किंवा अंगठा ओढून ‘बसवणे’ तर मुळीच नको.

हे सारे लिहिण्याचे खरे कारण धाकट्याची काळजी आहे. तालमीच्या संघातून तो मातीवर खेळत होता तोवर ठीक होते. आता मित्रांबरोबर रात्री ताशी भाड्याच्या टर्फवर तेच मऊ तळव्याचे बूट घालून खेळतो, आणि गणपतीपासून जिना चढताना उजवा अंगठा दुखतो असे त्याने मला सांगितले आहे. तुमच्यापासून मात्र लपवले असावे. बाबा, त्याला हाडे बसवणाऱ्याकडे न नेता अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्यावे, उभे राहून दोन्ही पायांचे एक्स-रे काढावेत आणि तोपर्यंत खेळ बंद ठेवावा. पुढचा भाग सहज दुमडणार नाही असे बूट घेण्यासाठी मी पैसे पाठवत आहे. एक्स-रेचे फोटो आले की मला लगेच पाठवावेत, मी वाट पाहत आहे.

आपला,
थोरला