नाकेदार, ढिवर आणि चितमपल्ली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

5 नोव्हेंबर जवळ आला आहे. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांचा हा जन्मदिवस. 18 जून 2025 रोजी सोलापुरात, आपल्या जन्मगावी, त्यांचे निधन झाले. त्या वेळी आपल्यासह सगळ्याच वृत्तपत्रांनी त्यांच्यावर भरभरून लिहिले. अरण्यऋषी, पद्मश्री, 2006 च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. हे सगळे त्यांना शोभणारेच आहे. पण मला त्यांची आठवण सरकारी नोकर म्हणून जागवायची आहे. माझे वडील वनखात्यात नाकेदार, म्हणजे वनरक्षक होते, त्यामुळे असेल, पण चितमपल्लींचे काहीही वाचायला घेतले की मला आधी दिसते ती त्यांची नोकरी.

वनखात्याची नोकरी म्हणजे पाखरांची गाणी ऐकत हिंडणे, असा शहरातल्या लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती असते कूपाची, म्हणजे तोडीसाठी नेमलेल्या रानाच्या तुकड्याची आखणी, लाकडाचा लिलाव, तेंदूपत्त्याचा हंगाम, थंडी सरता सरता वणवा अडवणाऱ्या जाळरेषा काढणे, मग मे महिना संपेपर्यंत वणव्यामागे धावणे, वनगुन्ह्यांची प्रकरणे, कोर्टाच्या तारखा, फिरतीची डायरी, अडकलेले भत्त्याचे बिल, आणि घडी बसते न बसते तोच बदली. कोइमतूरच्या वनमहाविद्यालयात शिकून आलेले चितमपल्ली याच चाकोरीत तीस वर्षांहून अधिक काळ राहिले. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही नावे आज आपण पर्यटनस्थळे म्हणून घेतो. त्यांच्यासाठी ती नेमणुकीची ठिकाणे होती. आडरानातली बदली म्हणजे शिक्षा, असे खात्यात अनेकांना वाटते. माझ्या वडिलांच्या साहेबांपैकी कितीतरी जण आल्या दिवसापासून परतीची खटपट करत. चितमपल्लींनी प्रत्येक बदलीत तिथले रान वाचून काढले.

आमचा तालुका अर्जुनी मोरगाव, म्हणून नवेगावबद्दल थोडे अधिक लिहिते. कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला हा जुना तलाव, भोवती डोंगर, काठाला कोहळी, गोंड आणि मासेमारी करणाऱ्या ढिवरांची वस्ती. चितमपल्लींनी इथे गुरू केले ते माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या गावातल्या जाणत्या माणसांना. तलावातला मासा ढिवराकडून समजून घ्यायचा, झाडाचा गुण गोंडाकडून, आणि जनावराचा माग नाकेदार किंवा वनमजुराकडून. जे कळले ते रात्री विश्रामगृहात बसून लिहून ठेवायचे. खात्यातली उतरंड ज्यांनी पाहिली आहे त्यांनाच याचे मोल कळेल. तिथे साहेबासमोर नाकेदार उभा राहतो, बसत नाही. आणि इथे साहेब वही उघडून त्याला विचारतो आहे, या पाखराला तुम्ही काय म्हणता? वडील सांगत, साहेबाने आपल्याला काही विचारले की माणूस दुसऱ्या दिवशी रानात जरा जास्त डोळे उघडे ठेवून जातो. ते कोणत्या साहेबाबद्दल बोलत, ते मला ठाऊक नाही. पण चितमपल्ली वाचताना हेच वाक्य कानात घुमत राहते.

या वह्यांतूनच पुढे पक्षिकोश उभा राहिला. निवृत्तीनंतर लोक नातवंडांत रमतात, तीर्थयात्रा करतात. चितमपल्ली नागपुरात बसून कोशांचे काम करत राहिले. पक्ष्यांपाठोपाठ प्राणी आले, वृक्ष आले, मासे आले. हंसदेवाचा जुना संस्कृत ग्रंथ, मृगपक्षिशास्त्र, त्यांच्यामुळे मराठीत आला. संपादक मंडळ, कार्यालय आणि अनुदान असलेल्या संस्थेने करायचे हे काम, ते एका पेन्शनरने अंगावर घेतले. त्यात पुस्तकी नावांच्या जोडीला त्या त्या मुलखात लोकांच्या तोंडी असलेली नावेही सापडतात. आमच्या भागातल्या मुलांना शाळेत शिकवताना मला या कोशांचा फार आधार झाला. आपल्या आजीच्या तोंडचे नाव छापलेल्या ग्रंथात आहे, हे दाखवल्यावर मुले कशी ताठ बसत!

त्यांच्या लेखनात लोकसमजुती आणि शास्त्र यांची सरमिसळ होते, असा आक्षेप काही अभ्यासक घेतात. तो अगदीच चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. त्यातल्या काही गोष्टी तपासून घ्यायलाच हव्यात. पण तपासायला आधी त्या कुणीतरी टिपून ठेवाव्या लागतात. ज्यांच्याकडे हे ज्ञान होते ती म्हातारी माणसे एकेक करून गेली. चितमपल्लींनी टिपले नसते तर आज वाद घालायलाही काही उरले नसते.

2020 पासून राज्य सरकार 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा करते. चितमपल्लींच्या जन्मदिवशी सुरू होतो आणि डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिवशी संपतो. निर्णय चांगलाच आहे. आमच्याकडे मात्र बहुधा फलक लागतात, मान्यवरांची भाषणे होतात, शाळेची मुले रांगेत बसवली जातात. ज्या नाकेदाराच्या बीटात, म्हणजे त्याच्या राखणीतल्या रानात, तो कार्यक्रम असतो, तो मागे खुर्च्या मांडत असतो. यंदा तरी त्याला माईकसमोर उभे करा. त्याच्या बीटात कोणते पाखरू कधी आले, कुठे घरटे केले, कोणत्या पाणवठ्याला या वर्षी पाणी टिकले नाही, हे त्याच्याइतके कुणाला माहीत? ढिवर वस्तीतल्या दोन जाणत्या माणसांनाही शेजारी बसवा, आणि एका शिक्षकाकडे लिहून घेण्याचे काम द्या. गोंदिया जिल्ह्यात सारस आता मोजकेच उरले आहेत. ज्यांच्या धानाच्या बांधीत ते उतरतात त्या शेतकऱ्यांनाही बोलवा.

वनखात्याला आणखी एक विनंती आहे. जुन्या फिरतीच्या डायऱ्या आणि बीटाच्या नोंदवह्या कार्यालयांच्या कपाटांत पडून असतील, तर त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. त्यांतल्या वन्यजीवांच्या नोंदी निवडून, लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नावासह, मराठीत छापाव्यात. सुरुवात नवेगाव-नागझिऱ्यापासून करता येईल. निवडीचे आणि मुद्रितशोधनाचे काम आमच्यासारखे निवृत्त शिक्षक विनामूल्य करतील. मी स्वतः तयार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया