दसऱ्याला घोडे बघायला या

प्रिय आई आणि अप्पा,

साष्टांग नमस्कार. आधीच सांगते, माझं सगळं ठीक आहे, तब्येत ठीक, नोकरी ठीक, पैसेबियसे नकोत. फोनवर मुद्द्यावर यायला गेलं की आई मधेच "जेवलीस का" विचारते आणि मग अप्पा फोन घेऊन नुसतं "बरं, बरं" म्हणतात, म्हणून यावेळी लिहूनच पाठवतेय. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगितलंय, आईच्या डोळ्याला ताण नको.

तर, तुमची तिकिटं काढली. काढायची का असं विचारत नाहीये, काढून झालीत. १४ सप्टेंबरला रात्री मुंबईहून निघायचं, दोह्याला विमान बदलून इथे हंगेरीत, बुडापेस्टला माझ्याकडे यायचं, आणि ५ ऑक्टोबरला परत, म्हणजे कोजागिरीला तुम्ही आपल्या गच्चीवर. आई, मला माहितीये तू आत्ता काय म्हणतेयस. पितृपक्षात कोणी प्रवास करतं का. अगं, गणपतीत तू उंबरा ओलांडणार नाहीस, दिवाळीत फराळ सोडून येणार नाहीस, त्यानंतर इथे इतकी थंडी की अप्पांचा खोकला सुरू होईल, मग मी करायचं काय? पंचमीला आजोबांचं श्राद्ध नेहमीसारखं होऊ दे, काही घाई नको, ते झाल्यावर दोन-तीन दिवस हातात राहतात. राहिला घट. तो यंदा वहिनी बसवेल. तिच्याशी बोलले, ती आनंदाने हो म्हणालीये, तेव्हा तिला फोन करून "जमेल ना गं तुला" असं दहा वेळा विचारत बसू नकोस. तिला जमतं सगळं, आपणच तिला करू देत नाही.

आता मुख्य. दसऱ्याच्या दिवशी आपण बुडापेस्टच्या बाहेर खेड्यात जायचंय, घोडे बघायला. यंदा दसरा आणि गांधीजयंती एकाच दिवशी, अप्पांना ही तारीख आवडेलच. केच्केमेत नावाचं शहर आहे, त्याच्या पुढे बुगात्स म्हणून गाव, तिथे घोड्यांचा शो असतो, आणि मग चार्दात जेवण. चार्दा म्हणजे यांचा जुन्या पद्धतीचा ढाबाच म्हणा, फक्त खाटेऐवजी लाकडी बाकं. ऑफिसातले सगळे म्हणाले आईवडील येतायत तर व्हिएन्ना दाखव, बोटीतून फिरव. बोट दाखवीन की. पण मला चार वर्षं झाली इथे येऊन आणि चार वर्षं हे घोडे मी मुद्दाम बघितले नव्हते, अप्पांशिवाय बघायचे नाहीत असं उगाच मनात धरलं होतं. मग वाटलं तुमचे गुडघे, पथ्यपाणी, बाथरूम, सगळं आधी बघून यायला हवं, म्हणून गेल्या रविवारी एकटी जाऊन आले. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला आधी सायकलवर जाऊन जागा बघून येणाऱ्या माणसाची मुलगी आहे मी.

अंतर नंदुरबारहून धुळ्यापेक्षा थोडं जास्त, बसने दोनेक तास, रस्ता एवढा सपाट की आईचा चहा कपात हलायचा नाही. मधे एकदा थांबतात, बाथरूम स्वच्छ आहे, सगळीकडे कमोडच असतो त्यामुळे बसायउठायचा प्रश्न नाही. मी आत जाऊन बघून आले, हसू नका. गेटापासून शोच्या मैदानापर्यंत दीडेक किलोमीटर असेल, पण घोडागाडी असते, चालायचं नाही. गाडीची पायरी जरा उंच आहे, आईला मी आणि गाडीवान मिळून चढवू, तिने "मी इथेच बसते, तुम्ही जाऊन या" हे चालू करायचं नाही.

हा सगळा भाग म्हणजे पुस्ता, नुसतं सपाट गवताळ माळरान, कुठे टेकडी नाही, झाड असलंच तर एखादं. मधेच विहीर, तिच्यावर उंच खांब आणि त्याला आडवी लांब दांडी, दांडीच्या एका टोकाला बादली. ती बघून मला आत्याच्या मळ्यातली विहीर आठवली, जरी तिच्याकडे मोट होती. इथे राखाडी रंगाची गुरं असतात, शिंगं ही एवढी, खिल्लारासारखी. आणि अप्पा, इथली डुकरं लोकरीची असतात, मेंढीसारखे कुरळे केस, खोटं सांगत नाही.

घोडे राखणाऱ्याला चिकोश म्हणतात. निळा ढगळ शर्ट, घोळदार निळी सुरवार, काळी टोपी. रोज काही ते असे नटून हिंडत नसणार, आपल्यासाठीचंच हे, पर्यटकांचं थोडं नाटक आहेच, ते धरून चला. पण घोड्यावर बसतात ते नाटक नाही. अप्पा, यांच्या खोगिराला तंगच नसतो. पोटाखालून पट्टा नाहीच, नुसतं पाठीवर ठेवलेलं. रिकिबीत पाय देऊन वर चढायला गेलात तर खोगिरासकट खाली. उडी मारून थेट वर बसायचं. मी शेजारच्या जर्मन आजोबांना सांगत होते की माझे वडील हे बघायला हवे होते, त्यांना काही कळलं नाही, पण मान हलवली त्यांनी.

मग तो प्रकार, पाच घोड्यांचा. मागच्या दोन घोड्यांच्या पाठीवर माणूस उभा, एक पाय इकडे एक तिकडे, पुढे तीन घोडे, पाचांचे लगाम हातात आणि चौखूर उधळलेले. सुरुवातीला हे कोणी करत नव्हतंच म्हणे, लुडविग कॉख नावाच्या एका ऑस्ट्रियन चित्रकाराने मनाने तसं चित्र काढलं आणि मग होर्तोबाज नावाच्या माळावरच्या एका चिकोशाला ते खरं करून दाखवावंसं वाटलं. अप्पा, हे तुमच्या वहीत लिहा. आणि किंचेम पण लिहा, यांची शर्यतीची घोडी, १८७४ चा जन्म, ५४ शर्यती पळाली आणि ५४ जिंकली, एकही हार नाही. किंचेम म्हणजे 'माझा खजिना', आई मला सोन्या म्हणते तसं.

पण मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? चिकोशाने घोड्याला झोपवलं. अख्खा आडवा, कुशीवर, मान मातीला टेकलेली. या माळावर लपायला आडोसा नाही, म्हणून लपायचं झालं तर घोडाच आडवा करायचा ही जुनी शिकवण. मग तो माणूस त्याच्या अंगावर बसला आणि आसूड काढला. आई, घाबरू नकोस, आसूड घोड्याला लागत नाही, हवेतच वाजतो, टोक आवाजापेक्षा जोरात जातं म्हणून बंदुकीसारखा बार होतो. डावीकडे बार, उजवीकडे बार, अगदी कानाजवळ. मी पहिल्या बाकावर होते. घोड्याच्या पापण्यांवर धूळ बसलेली दिसत होती मला. पापणी हलली नाही. तुम्ही सारंगखेड्याला मला खांद्यावर घेऊन सांगायचात ना, पायांकडे बघू नको, कान बघ, घोड्याचं मन कानात असतं, म्हणून मी कान बघत होते. वरचा कान फक्त हळूच त्या माणसाकडे वळला आणि तिथेच राहिला. मला एकदम तुमच्या डोक्याच्या तेलाचा वास आला हो अप्पा, खांद्यावरून यायचा तो. आणि मग आजोबांची घोडी चंद्री आठवली, जिला मी बघितलंच नाही कधी. ७२ सालचं मी काही विचारणार नाहीये. आत्याने सांगितलंय थोडं. दसऱ्याला आजोबा तिला झेंडूची माळ घालायचे हेही तिनेच सांगितलं, तुम्ही कधी बोलला नाहीत.

जेवणाचं ऐक आई. गेल्यागेल्या हातात पोगाचा देतात, खारी बिस्किटासारखा छोटा मऊ पाव, त्याच्यावर चीज असू शकतं, चालेल तुला. बरोबर पालिंकाचा छोटा ग्लास, जर्दाळूची दारू. अप्पा, नाही. "वास घेऊन बघतो" पण नाही, स्टेंटवाल्या माणसाने वास घ्यायचा नसतो. बाकी लोकांना गुयाश असतं, मोठ्या लोखंडी कढईत विस्तवावर शिजवलेलं मटणाच्या रश्शासारखं, फक्त गोमांसाचं, ते आपल्या टेबलावर येणारच नाही असं बोलून ठेवलंय. आपल्याला लेचो, म्हणजे ढोबळी मिरची, टोमॅटो, कांदा, आणि मशरूमची लाल रस्साभाजी. इथे भाजीतही डुकराची चरबी घालतात म्हणून मी तीनदा विचारलं, गाइडकडून त्यांच्या भाषेत लिहून घेतलं, तेलात करणार आहेत. भाजीबरोबर पिठाचे छोटे उकडलेले गोळे देतात त्यात अंडं असतं, तर त्याऐवजी भात सांगितलाय. काकडीची कोशिंबीर असते, आंबटगोड, दाण्याचं कूट मागू नकोस. तरी पोट भरलं नाही तर मी दशम्या करून डब्यात नेणार आहे, कोणी काही म्हणत नाही.

शेवटी रेतेश. आई, ते करताना बघितलं मी आणि तिथेच उभी राहिले. बाईने पिठाचा गोळा टेबलावर घेतला आणि दोन्ही हातांच्या पाठीवरून ताणत ताणत नेला, अख्ख्या टेबलाएवढा, खालच्या चादरीची फुलं दिसायला लागली. तू मांडे करताना कोपरापर्यंत पोळी ताणून खापरावर टाकतेस ना, अगदी तेच मनगट. फक्त आत पुरण नाही, सफरचंद नाहीतर काळी खसखस. तिला माझ्या मोबाईलमधला तुझा व्हिडिओ दाखवला, गेल्या अक्षय्य तृतीयेचा. तिने दोनदा बघितला आणि काहीतरी लांबलचक बोलली, मला फक्त "अन्या" कळलं. अन्या म्हणजे आई. आणि वडिलांना काय म्हणतात माहितीये? अपा. खरंच. पहिल्या वर्षी ट्राममध्ये एक लहान मुलगी "अपा, अपा" करत होती आणि मी पुढच्या स्टॉपला उतरून गेले होते.

मिरची तर आहेच. सप्टेंबर-ऑक्टोबरात कालोचा, सेगेदकडे लाल मिरचीची काढणी असते, माळा करून भिंतीवर टांगतात. आपल्या पथाऱ्यांसारखा जमिनीवर लालभडक गालिचा नाही हो, आणि ठसकाही नाही, यांची बहुतेक मिरची गोड. सेगेदच्या सेंट-ग्योर्गी नावाच्या शास्त्रज्ञाने याच मिरचीतून क जीवनसत्त्व काढलं, १९३७ चं नोबेल. टेबलावर 'एरोश पिश्ता' नावाचा मिरचीचा ठेचा मिळतो, अप्पांना तोच लागेल.

आता जे लिहायला एवढा वेळ लावला ते. मी इथलं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षं वाढवलंय. सही झाली. दिवाळीला कायमची येते म्हणाले होते, ते आता होणार नाही. दादाला आधी सांगितलं म्हणून रागावू नका, मला आधी एकाजवळ रडायचं होतं. पैशासाठी नाही, म्हणजे थोडं पैशासाठीपण, पुण्यातल्या फ्लॅटचं कर्ज तेवढ्यात फिटतं, आणि काम खरंच चांगलं आहे, आणि पुण्यात आले तरी नंदुरबार लांबच आहे ना, रात्रभर प्रवास करूनच यायचं, मग इथून काय आणि तिथून काय असं म्हणणार होते पण ते खरं नाहीये हे मलाही कळतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी नव्हते. आईने "काही नाही गं, अर्ध्या तासाचं काम" म्हटलं आणि मी ते सोयीने खरं मानलं. तिकिटं त्यामुळे काढलीत का? काढली असतील. पण घोडे मला तुम्हाला दाखवायचेच होते, सही नसती केली तरी.

आता नीट ऐका. व्हिसाला मुंबईला दोघांनाही जावं लागेल, बोटांचे ठसे घेतात, दादा सुट्टी काढणारे. इन्शुरन्स मी काढते, तुम्ही एजंटच्या नादी लागू नका. गोळ्या सगळ्या हातातल्या बॅगेत, महिन्याच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. अप्पा, गोळ्या पाकिटातून काढून त्या जुन्या फिल्मच्या डब्यांत भरायच्या नाहीत. आई, तूप, पेढे, खवा काही आणायचं नाही, दुधाचं चालत नाही, जप्त करतात, आंबे-कढीपत्ता पण नाही. कळण्याचं पीठ, पापड, तुझा काळा मसाला आण, घट्ट बांधून. दोह्याला व्हीलचेअर सांगितलीये, "मी काय आजारी आहे का" म्हणून उठून चालायला लागायचं नाही, फार लांब आहे ते. पुस्तावर सकाळी गार वारा असतो, आईचं मरून स्वेटर, अप्पांची कानटोपी. बूट आत्ताच घ्या आणि घरात घालून फिरा, नवे बूट तिथे येऊन चावायला नकोत. आणि गुडघ्याचे व्यायाम रोज, वहिनी मला कळवते.

माझ्या खोलीत पलंग तुमच्यासाठी, मी बाहेरच्या सोफ्यावर. लिफ्ट आहे. पहाटे चारला उठलात तरी चहा करून घ्या, गॅस नाही, विजेची शेगडी आहे, शिकवीन.

आणि अप्पा, शो झाल्यावर मी गाइडला मधे घालून त्या चिकोशाला विचारलं की आमच्याकडे त्या दिवशी घोड्याची पूजा करतात, एखादी झेंडूची माळ घातली तर चालेल का. त्याने गाइडला दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि म्हणाला घाला की, फक्त तो ती खाईल.

तुमची,
बारकी