बाळ्यास पत्र: एक 'च' काढून बघ

प्रिय बाळ्या,

परवा रात्री तुझा फोन ठेवला आणि मला काय झोप लागेना. तू हसत हसत सांगितलंस की एचबीएवनसी, ती साखरेची रक्ततपासणी, ६.३ आलंय, वर म्हणतोस "अजून डायबेटिस नाही ना, मग बास", आणि मग फोन ठेवता ठेवता हळूच म्हणालास, कंटाळा आलाय रे सगळ्याचा. ते रिपोर्टचं राहू दे, हे शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. फोनवर मला नीट बोलता येत नाही हे तुला माहितीय, हॉस्टेलवर पण भांडण झालं की मी चिठ्ठीच लिहायचो, म्हणून हे लिहितोय. लांब होणार आहे, चहा घेऊन बस. बिनसाखरेचा घे म्हणत नाही, त्यावर येतोच पुढे.

तुला एक सांगितलं नव्हतं. जानेवारीत माझं ६.४ आलं होतं, म्हणजे तुझ्यापेक्षा वरचा नंबर माझा. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, ६.५ झालं की डायबेटिस, मी अगदी उंबऱ्यावर उभा होतो. आणि ही टेस्ट लबाडी चालू देत नाही बरं का. उपाशीपोटीच्या शुगरला आपण दोन दिवस पथ्य करून जातो आणि डॉक्टरला गंडवतो, ही तशी नाही, रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर ही टेस्ट मोजते, त्यामुळे मागच्या अडीच-तीन महिन्यांचा सगळा हिशोब कागदावर येतो. दिवाळीचा फराळ धरून.

सांगितलं का नाही, तर लाज वाटली. दिवाळीच्या आधी माझं प्रमोशन हुकलं होतं ते तुला माहितीय, पण त्यानंतर काय चाललं होतं ते घरात पण कुणाला माहीत नव्हतं. रात्री दीड-दोनला जाग यायची. डोक्यात तीच मीटिंग, साहेबांनी तेव्हा असं म्हटल्यावर मी काय बोलायला पाहिजे होतं, कसं बोलायला पाहिजे होतं, रोज नवीन डायलॉग. मग उठून स्वयंपाकघरात जायचं, लाइट लावायचा नाही, ओट्याशी उभं राहून अंधारात भडंगाचा डबा उघडायचा. त्या स्टीलच्या डब्याचं झाकण टण्णकन वाजतं म्हणून मी झाकणाखाली नॅपकिन धरायचो, विचार कर! त्रेचाळीस वर्षांचा बाप्या स्वतःच्या घरात चोरासारखा भडंग खातोय. पोट भरलेलंच असायचं, भूक वगैरे काही नाही. हाताला काहीतरी काम आणि तोंडात काहीतरी कुरकुरीत असलं की तेवढा वेळ मीटिंग बंद व्हायची, बस. तू म्हणालास ना की रात्री उठून फरसाण खातो, म्हणूनच मला झोप लागली नाही. अरे तो मीच आहे ना.

मग रिपोर्ट आल्यावर मी काय केलं असेल? आपल्या स्वभावाप्रमाणे एकदम क्रांती. दीक्षित डाएट. दिवसातून दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांत, मधे काही नाही. आमच्या ऑफिसात यावरून दोन पार्ट्या आहेत, एक दीक्षितवाले आणि एक दिवेकरवाले, दर दोन तासांनी थोडं थोडं खाणारे, दोघं एकमेकांचे डबे बघून नाकं मुरडतात. मी घरी जाहीर केलं, आजपासून साखर बंदच, मधलं खाणं बंदच. अकरा दिवस टिकलं. बाराव्या दिवशी भाच्याचं केळवण, एक गुलाबजाम खाल्ला, आणि मनात आलं आता मोडलंच ना, मग गेलंच सगळं. एकाच्या जागी सहा खाल्ले मोजून. बऱ्याच लोकांना त्या पद्धतीने फायदा झालेला मी डोळ्यांनी बघितलाय, डाएटला नावं ठेवत नाही, माझंच घोडं पेंड खात होतं कुठेतरी.

कुठे ते कळलं एका समुपदेशक मॅडमकडे. डॉक्टरांनीच पाठवलं, झोपेचं विचारल्यावर मी रडायलाच लागलो त्यांच्या केबिनमध्ये, म्हणून. मी जाताना म्हणत होतो आता या सांगणार पॉझिटिव्ह विचार करा, सकाळी उठून आरशात बघून हसा. तसल्या फॉरवर्डांचा मला मनापासून राग आहे. पण त्यांनी एक वही आणायला सांगितली आणि रात्री डोक्यात जे फिरतं ते वाक्य जसंच्या तसं लिहा म्हणाल्या, शुद्धलेखनासकट. मी लिहिलं. "साहेबांनी मला विचारायलाच पाहिजे होतं." "पोराला नव्वद टक्के पडलेच पाहिजेत." "मला शुगर होताच कामा नये, घरात मीच एकटा कमावता." "लोक हसतच असणार." पान भरलं. मग त्यांनी लाल पेन दिलं आणि म्हणाल्या, आता यातल्या प्रत्येक 'च'ला गोल करा.

बाळ्या, पान लाल झालं रे.

हे त्यांच्या मनातलं नाही, अल्बर्ट एलिस म्हणून न्यूयॉर्कचा एक मानसशास्त्रज्ञ होता, त्याने १९५५ च्या आसपास ही पद्धत काढली, आपल्याकडे तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. त्याचं म्हणणं असं की घटना घडते आणि आपल्याला त्रास होतो, पण या दोघांच्या मधे एक जागा असते, तिथे आपण स्वतःशी काहीतरी बोलतो, आणि त्रासाचा मोठा वाटा त्या बोलण्यात असतो. प्रमोशन एकाच वेळी आमच्या तिघांचं हुकलं. एक जण दुसरीकडे इंटरव्ह्यू देऊन आला, एकाला आठ दिवस वाईट वाटलं, आणि मी तीन महिने भडंग. एलिस इंग्रजीतल्या 'मस्ट' आणि 'शुड'च्या मागे लागला होता, आपल्याकडे ते सगळं काम एकटा 'च' करतो. इच्छेला 'च' लागला की तिचा हुकूम होतो.

मग तेच वाक्य 'च' काढून लिहायचं. "साहेबांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. नाही विचारलं, मला वाईट वाटलं." एवढंच. पहिल्यांदा मला हे अगदीच फुळकवणी वाटलं, म्हणजे पैसे देऊन व्याकरण शिकतोय असं. त्यात कुठेही सगळं छान होईल वगैरे नव्हतं. वाईट वाटतंय ते वाटतंयच, मॅडम म्हणाल्या वाईट वाटू द्या, ते नॉर्मल आहे. पण पंधरा-वीस दिवसांनी असं व्हायला लागलं की रात्री मीटिंग सुरू झाली की मधेच ऐकू यायचं, अरे हा 'च' आला. आणि ऐकू आलं की जरा हसूच यायचं. जाग यायची थांबली नाही लगेच, पण ओट्यापर्यंत जाणं कमी झालं.

आणि मग लक्षात आलं की माझ्या डाएटमध्ये पण तोच होता. साखर बंदच. मोडलंच. गेलंच. म्हणून दुसऱ्या खेपेला मी काही बंद केलं नाही, नुसतं मोजलं. तू पण मोज एकदा. माझे दिवसाला सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे बारा चमचे, चमचाभर साखर साडेचार-पाच ग्रॅम धर, पन्नास ग्रॅमच्या वर गेलं. महिन्याला दीड किलोच्या वर साखर एकट्या चहातून! डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, म्हणते वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या खाली ठेवा, २५ च्या खाली आणली तर अजून चांगलं, मी चहातच कोटा संपवून वर बिस्किटं खात होतो. मग दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलो. आता तीन चहा, अर्धा अर्धा चमचा, आणि चारनंतर चहा नाही, कारण चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायलाच पाच-एक तास लागतात आणि मी संध्याकाळी सातला कडक अमृततुल्य मारून रात्री झोप का नाही म्हणून छताकडे बघत होतो. झोप नीट नाही झाली की दुसऱ्या दिवशी भूक पण जास्त लागते, गोडाचीच लागते, आणि टेन्शनमध्ये तर आपलं शरीर स्वतःच यकृतातली साखर रक्तात सोडतं, म्हणजे खाल्लं नाही तरी वाढते. मन आणि पोट ही दोन वेगळी डिपार्टमेंट आहेत असं मला वाटायचं, एकाच टेबलावरच्या फायली निघाल्या दोन्ही.

जेवणात फार काही बदललं नाही. ताटातला क्रम बदलला. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी नाहीतर भाकरी, भात शेवटी आणि एकच वाटी. कडधान्य रोज, मटकी, मूग, चवळी, बदलून बदलून. आई म्हणते भाकरी खा म्हणजे शुगर होत नाही, तसं काही नाहीये, भाकरी पण पीठच आहे शेवटी, दोन ऐवजी चार खाल्ल्या तर काय उपयोग. आणि तुझे ते सोमवार! आता श्रावण आलाय, तू साबुदाण्याची खिचडी ताटभर हाणणार. साबुदाणा म्हणजे कंदाचा निव्वळ स्टार्च रे, त्यात प्रोटीन म्हणून जे काही आहे ते तुझ्या दाण्याच्या कुटातलं. एकादशी दुप्पट खाशी हे कुणीतरी उगाच नाही म्हटलं. उपास सोड म्हणत नाही, वरीचा भात थोडा, दाण्याची आमटी, ताक, एखादं फळ, असं काहीतरी कर.

जेवण झालं की शतपावली. आपले आजोबा करायचे तेव्हा आपण हसायचो, पण पायाचे स्नायू हलले की ते रक्तातली साखर वापरतात, साधा हिशोब आहे. मी वीस मिनिटं चालतो. बायको सुरुवातीला म्हणायची शतपावली म्हणजे शंभर पावलं, तुम्ही नाशिक प्रदक्षिणा का करताय, आता ती पण येते, आणि खरं सांगू, आमचं दिवसातलं नीट बोलणं तेवढंच होतं. पूर्वी ते पण मोबाइलमध्ये तोंड घालून व्हायचं.

एक महत्त्वाचं राहिलंच. तू म्हणालास थकवा येतो, पायाला मुंग्या येतात. मला पण यायच्या, मी सगळं मनावर ढकललं होतं. डॉक्टरांनी रक्तातलं बी१२ व्हिटॅमिन तपासायला लावलं तर १४२ निघालं, लॅबच्या कागदावर २०० च्या खाली म्हणजे कमी. आपण दोघं पक्के शाकाहारी, अंडं पण नाही, आणि बी१२ भाजीपाल्यात नसतंच, दूध-दह्यातून काय मिळेल तेवढं. इंजेक्शनं झाली, मग गोळ्या, दीड-दोन महिन्यांत मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, डोकं पण जरा हलकं झालं. म्हणजे मी तीन महिने जे 'माझं मन कमकुवत आहे' म्हणून स्वतःला शिव्या घालत होतो त्यातलं थोडं तरी व्हिटॅमिनचं होतं. तू माझं ऐकून मेडिकलमधून गोळ्या आणू नकोस, आधी तपास, मग डॉक्टर सांगतील ते.

आता माझे आकडे, म्हणजे तुला वाटायला नको की मी प्रवचन देतोय. सात महिन्यांनी ६.४ चं ५.८ झालंय. वजन ८४ चं ७९. कंबर शिंप्याच्या टेपने ९८ सेंटीमीटर होती, आता ९३, आपल्या पुरुषांसाठी ९० च्या आत असावी म्हणतात, म्हणजे अजून आहेच. मधे मे महिन्यात आंब्यांनी घात केला, पंधरा दिवस काही पाळलं नाही. पण 'गेलंच' म्हटलं नाही, सोळाव्या दिवशी परत उसळ. आईला मात्र अजून पटलेलं नाही, होळीला एकच पुरणपोळी खाल्ली म्हणून दोन दिवस बोलत नव्हती, तिला वाटतं माझं तिच्यावरचं प्रेम कमी झालं. यावर माझ्याकडे उपाय नाही, तुझ्याकडे असला तर कळव.

आणि तो कंटाळा. तू तसं म्हणतोस पण नक्की किती आहे ते मला फोनवर कळलं नाही, म्हणून सरळ विचारतो, राग मानू नकोस. नुसता ऑफिसचा, रोजच्या त्याच त्या रस्त्याचा असेल तर आपण बोलू. पण रात्री कधी मरणाबिरणाचे विचार येत असतील तर मला कितीही वाजता उठव, आणि मी नाही उचलला तर १४४१६ लाव, टेलिमानस आहे, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. नंबर मोबाइलमध्ये सेव्ह कर आत्ताच, पत्र खाली ठेव आणि कर. वहिनींना पण सांग तुला काय होतंय ते. मी लपवलं, त्याचा काही फायदा झाला नाही, नॅपकिनचं माझ्या बायकोला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं म्हणे.

पुढच्या महिन्यातला दुसरा शनिवार मोकळा ठेव. इकडे ये, रिपोर्ट घेऊन ये, माझ्या डॉक्टरांना दाखवू, संध्याकाळी सोमेश्वरला जाऊ, पाऊस असला तर धबधबा जोरात असेल. मिसळ खाऊ एकदा, पाव एकच. येण्याआधी एक पान लिहून आण, रात्री डोक्यात जे फिरतं ते, मला दाखवायचं नसलं तर नको दाखवू, लाल पेन मी देतो.

आणि वहिनींच्या माहेरचं भडंग आणणार असशील तर आण, पण पाव किलोच. हा 'च' मात्र राहू दे.

तुझाच,
नान्या